नात विचारली होती

लिंबायत, सुरत
५ जानेवारी

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. बुद्धपौर्णिमेला लिहीन म्हणालो होतो आणि आता संक्रांत तोंडावर आली. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला. फोन करावा तर चाळीस वर्षं लूमखात्यात काढून माझे कान गेलेले. तू तिकडून बोलतेस आणि मला इकडं लूमच चालू आहे असं वाटतं. शिवाय मला ओरडून बोलावं लागतं, आणि आज जे सांगायचं आहे ते गल्लीला ऐकवण्यासारखं नाही.

आधी आनंदाची बातमी. पक्षाच्या ऑफिसातून विशाखाला निरोप आला, यंदाही तिकीट तुलाच! नगरसेविका म्हणून पाच वर्षं झाली, आता दुसऱ्यांदा उभी राहणार. अक्का, पुढचं वाक्य बसून वाच. यंदा मेयरची खुर्ची बाईसाठी राखीव आहे. मुगलीसऱ्यात, म्हणजे आमच्या महापालिकेच्या मोठ्या कचेरीत, जी दोन-तीन नावं बोलली जातात त्यात एक विशाखाचं आहे. माझी पोरगी, तुझी सून! सुरतेची मेयर! हे मी कुणाजवळ बोललो नाही. दृष्ट लागेल म्हणून नाही, ते आपण मानत नाही. तरी बोललो नाही.

तुला आठवतं का सुरुवात? ती साड्यांवर टिकल्या चिकटवायला जायची. गल्लीतले दिवे बंद. तक्रार केली की माणूस येई आणि विचारी, कोणता खांब? बायका सांगत, तो शेवग्याजवळचा. शेवगे चार. माणूस कंटाळून परत जाई. मग एका रविवारी विशाखानं कपड्याच्या गाठींवर नंबर टाकायचा काळा रंग आणला आणि वस्तीतल्या सगळ्या खांबांवर नंबर टाकले. एक ते एकशे बारा. मी दारातून ओरडत होतो. सरकारी खांबाला रंग लावला, आता पोलीस येतील! पोलीस आले नाहीत, दिवे आले. बायका फोनवर सांगू लागल्या, खांब नंबर एकोणचाळीस बंद आहे. तेव्हापासून लोक तिला थांभलावाळी बेन म्हणतात. थांभला म्हणजे खांब. त्याच एकशे बारा खांबांनी तिला पहिल्यांदा निवडून दिलं असं मी म्हणतो.

आता ती दुसरी गोष्ट. रागावू नकोस. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

आमच्या गुजरातेत कायदा आहे, दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर पालिकेची निवडणूक लढवता येत नाही. विशाखाला दोनच, थोरला आशिष आणि धाकटा बुद्धभूषण. पण घरात तिसरी स्नेहा आहे. तुझ्या लेकीचा, आपल्या वृषालीचा नवरा गेला, तेव्हा तिची पाच वर्षांची पोर शिकायला म्हणून तूच सुरतेला पाठवलीस, तिच्या मामाकडे, म्हणजे तुझ्या प्रदीपकडे. प्रदीप कामावर, विशाखा मोर्च्यात. शाळेत नाव घालायला कोण गेलं? मी.

शाळा मराठी, पण क्लार्क गुजराती. मागं पालकांची रांग, बाहेर जनरेटर धडधडतोय. त्यानं मुलीचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मग म्हणाला, "काका, नात?"

मी म्हणालो, "हा साहेब, नात."

"अरे, नात शुं?"

"नात म्हणजे नात! मारी नात!"

तो वैतागला. विचारलं, राहता कुणाच्या घरी? मी सांगितलं, मुलगी-जावयाच्या. त्यानं आई-बापाच्या रकान्यात विशाखा आणि प्रदीप लिहिलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. गुजराती अक्षरांना डोक्यावरची रेघ नसते, माझी नजर त्यांच्यावर ठरत नाही. मी सही केली.

गुजरातीत नात म्हणजे जात, अक्का. मला शब्द माहीत नव्हता असं नाही. या शहरात आल्यापासून किती जणांनी विचारलं, कई नातना? म्हणजे कुठल्या जातीचे? पण त्या दिवशी स्नेहा माझं बोट धरून उभी होती. नात म्हटल्यावर मला तीच दिसली.

पुढं आधार कार्डही त्याच कागदावरून निघालं. विशाखानं प्रगतिपुस्तक बघितलं तेव्हा हसली. म्हणाली, "राहू द्या बाबा, बरोबरच लिहिलंय." तेव्हा निवडणूक कुणाच्या डोक्यात होती? आता समोरच्या उमेदवाराच्या माणसांना तो शाळेचा कागद सापडला आहे, मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. तपासणीच्या दिवशी ते हरकत घेणार. तिकीट, खुर्ची, सगळं माझ्या एका सहीनं जाणार. मला जेवण जात नाही.

फॉर्म भरायला चार आठवडे आहेत. ग्रामपंचायतीतून स्नेहाचा जन्माचा दाखला काढून पाठव, स्पीड पोस्टानं. घरात कुणाला अजून सांगितलेलं नाही.

तुझा भाऊ,
पंडित


मु. बोरखेडे, ता. चोपडा
१३ जानेवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

बापानं तुझं नाव पंडित ठेवलं तेव्हा त्याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे. चार यत्ता शिकलास आणि न वाचता सह्या करतोस! मी पन्नाशीत प्रौढ वर्गात अक्षर गिरवलं, पण वाचल्याशिवाय अंगठ्याची शाईसुद्धा वाळू देत नाही.

आठ महिन्यांनी पत्र लिहितोस आणि विशाखाची बातमी आता सांगतोस. इथं सगळ्या गावाला ठाऊक आहे. बसस्टँडवरचा चहावाला मला 'मेयरची सासू' म्हणतो. खांबाजवळ उभ्या असलेल्या तिच्या फोटोचं कात्रण माझ्या ट्रंकेत आहे. गेल्या निवडणुकीचं. तू पाठवलं नव्हतंस, प्रदीपनं पाठवलं होतं.

दाखल्यासाठी मी स्वतः ग्रामसेवकाकडे गेले. म्हणाला, "आजी, बसा, चहा घ्या, पुढच्या आठवड्यात बघू." मी म्हणाले, "चहा नको आणि पुढचा आठवडापण नको. रजिस्टर काढ." काढलं. नोंद सापडली. तारीख बरोबर, आईच्या जागी वृषालीचं नाव, बापाच्या जागी तिच्या नवऱ्याचं. पण मुलीच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं. बारसं व्हायच्या आत नोंद केली आणि नाव घालायला परत कुणी गेलंच नाही. तो म्हणतो नाव चढवता येईल, पण अर्ज, प्रतिज्ञापत्र, महिना लागेल. आहे तसा दाखला पाठवते आहे. सोबत वृषालीच्या बाळंतपणाचं आरोग्य केंद्राचं कार्डही आहे.

वृषालीला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती, उठलीच नाही. मग म्हणाली, "मनी पोर तठे सुखी शे, मंग माले काय जोयजे? पण आई, तिले हाई सांगनार कोन?"

पोरीला हे कुणी सांगायचं, तूच काय ते बघ. विशाखाला आजच्या आज सांग.

चंद्रभागा


लिंबायत, सुरत
२२ जानेवारी

प्रिय अक्का,

दाखला आला. पण त्याचा उपयोग होईल असं दिसत नाही. सगळं बिघडलं.

मी विशाखाला सांगितलं. वाटलं होतं चिडेल, बोलेल. ती नुसतं पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, हे मला आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "भीती वाटली." ती म्हणाली, "माझी?"

दुसऱ्या दिवशी पक्षाचे वकील आले. भला माणूस आहे, पण घाईचा. दाखल्यात मुलीचं नाव नाही हे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, नुसत्या 'मुलगी'वर भागणार नाही, विशाखाबेननी प्रतिज्ञापत्र द्यावं. त्यांनी लगेच टाईप करून आणलं आणि हिंदीत वाचून दाखवलं. "स्नेहा नामक बालिका मेरी संतान नहीं है, न मैंने उसे गोद लिया है, उससे मेरा संतान का कोई नाता नहीं."

स्नेहा तेव्हा आत बुद्धभूषणबरोबर गणितं सोडवत होती. दोघं एकाच वर्गात आहेत. आमच्या घराला दार कुठं, पडदा आहे नुसता.

विशाखानं कागद घेतला, घडी घातली, परत दिला. म्हणाली, "यावर मी सही करणार नाही."

वकील म्हणाले, "बेन, ए तो खाली कागळ छे." नुसता कागद आहे म्हणे.

"माझ्या वडिलांनीही नुसत्या कागदावरच सही केली होती," ती म्हणाली. "सात वर्षं ही पोर मला मम्मी म्हणते. उद्या हा कागद सगळ्यांच्या मोबाईलवर फिरणार. तिच्या वर्गातल्या पोरी वाचणार. मला खुर्ची नको असं नाही, फार हवी आहे. पाण्याच्या लायनीचं काम अर्ध्यावर आहे, बायकांच्या दवाखान्याची जागा मंजूर व्हायची आहे. पण हे लिहून नको."

प्रदीपनं समजावलं. पक्षाचे लोक दोनदा येऊन गेले. शेजारच्या उषाबाई, ज्यांनी पहिल्या दिवशी तिच्याबरोबर रंगाचा डबा धरला होता, त्या रडल्या. पोरगी हटत नाही. आता म्हणते, तपासणीत जे व्हायचं ते होईल, नाहीतर फॉर्म भरतच नाही. ३ फेब्रुवारी शेवटची तारीख आहे.

तिनं वस्तीसाठी पंधरा वर्षं पायपीट केली, आणि मी दोन मिनिटांत मातीत घातलं. मी गावी निघून येऊ का? तिथं माझी सही कुणी मागणार नाही.

स्नेहा काल मला विचारत होती, "आजोबा, माझ्यामुळं काय झालंय?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. पहिल्यांदा माझ्या कानांचा उपयोग झाला.

पंडित


बोरखेडे
२७ जानेवारी

पंडित,

गावी यायचं नाही. आलास तर दारातून परत पाठवीन.

विशाखानं सही केली नाही हे वाचून मी पत्र वृषालीला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं. मग उठली आणि स्वयंपाकाला लागली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा घरात भाजीला फोडणी बसली.

आता मी सांगते ते नीट वाच. एका बैठकीत वाच आणि मग वकिलाला दाखव.

तुझा धाकटा नातू बुद्धभूषण कधी जन्मला? जूनच्या नऊ तारखेला. मला आठवतं कारण बाळंतपणाला मीच सुरतेला आले होते आणि तुमच्या पंख्याला एकच पातं उरलं होतं. सव्वा महिना राहिले आणि घाईनं परत आले. का? वृषालीला सातवा महिना लागला होता म्हणून. स्नेहा त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सतरा तारखेला झाली. शाळेच्या कागदावरही तीच तारीख आहे, तुझ्याच तोंडून गेलेली.

जून ते ऑक्टोबर बोटावर मोज. जूनमध्ये बाळंत झालेली बाई ऑक्टोबरात दुसऱ्या पोराची आई होते का? इतके पुरुष कागद घेऊन बसले, वकील बसला, पक्ष बसला, एकालाही महिने मोजता आले नाहीत!

विशाखानं काहीच लिहायचं नाही. 'ती माझी पोर नाही' असं म्हणायची तिला गरजच नाही. दोन जन्मतारखा शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा. आणि कुणी काही विचारलंच तर तू उभा राहा. चूक तुझी, तोंडही तुझंच.

वृषालीनं स्वतःच्या सहीचं पत्र दिलं आहे, सोबत जोडलं आहे. त्यात तिनं एवढंच लिहिलंय, स्नेहाला जन्म मी दिला, वाढवते माझी वहिनी.

चंद्रभागा


लिंबायत, सुरत
१६ मार्च

प्रिय अक्का,
जय भीम! जय भीम! जय भीम!

परत उशीर झाला, पण यावेळी भीतीनं नाही. घरात श्वास घ्यायला फुरसत नाही. फोनवर प्रदीपनं तुला सगळं सांगितलंय म्हणतो, पण तो तीन वाक्यांत आटोपणारा माणूस. मी पहिल्यापासून सांगतो.

तुझं पत्र वकिलांना दाखवलं. त्यांनी दोन तारखा वाचल्या, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "काका, आ बेन वकील छे?" मी म्हणालो, नाही, माझी मोठी बहीण आहे.

तपासणीला मी सकाळी सातलाच तयार. खरं सांगू? वाटलं आपलंही एक निवेदन असावं. मला गुजराती लिहिता येत नाही, म्हणून मराठीतच लिहिलं आणि अक्षरांवरची रेघ तेवढी दिली नाही. वाटलं झालं गुजराती.

हॉल माणसांनी भरलेला. विशाखाचं नाव पुकारलं आणि समोरच्यांचा वकील उभा राहिला. शाळेचा कागद हवेत धरून म्हणाला, तीन मुलं आहेत, फॉर्म रद्द करा. आमच्या वकिलांनी दाखला, कार्ड, वृषालीचं पत्र दिलं. तो म्हणाला, दाखल्यात तर नावच नाही, ही मुलगी तीच कशावरून? आणि शाळेत खोटी माहिती दिलीच कशाला?

माझे पाय आपोआप उठले. अधिकारी बाई होत्या. म्हणाल्या, "बोलो काका."

मी माझा कागद दिला. त्यांनी उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "काका, आ कई भाषा छे?"

मी म्हणालो, "साहेब, गुजरातीच आहे, फक्त शब्द मराठी आहेत."

पहिला हशा तिथं पिकला. मग मी तोंडीच सांगितलं. क्लार्कनं विचारलं नात, मी म्हणालो नात. तो म्हणाला नात शुं, मी म्हणालो नात म्हणजे नात. अक्का, त्या बाई हसता हसता टेबलावर वाकल्या. पण डोळे पुसून त्यांनी मला विचारलं, "अने तमे जवाब शुं आपवानो हतो?" काय उत्तर द्यायचं होतं म्हणे. मी म्हणालो, "बाई, त्यानं जात विचारली होती. पण मी जे उत्तर दिलं तेच मला अजून बरं वाटतं."

बाईंनी माझा कागद फाईलला लावून घेतला.

मग आमच्या वकिलांनी बुद्धभूषणचा दाखला शाळेच्या कागदाशेजारी ठेवला. नऊ जून, सतरा ऑक्टोबर. अधिकारी बाईंनी एकदाच बघितलं. समोरच्या वकिलाला विचारलं, "भाई, तमे परणेला छो?" लग्न झालंय का तुमचं? तो म्हणाला, हो. "तो घरे जईने पूछजो," बाई म्हणाल्या. घरी जाऊन बायकोला विचारा! पुढं शाळेची नोंद दुरुस्त करून घ्या असं आम्हाला बजावलं आणि फॉर्मवर शिक्का मारला. विशाखानं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला, रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

निकाल तुला ठाऊकच आहे. ढोल वाजले ते मलासुद्धा ऐकू आले!

नोंदीच्या दुरुस्तीचा कागद स्नेहाला आम्ही भीत भीतच दाखवला. तिनं वाचला. आईचं नाव वृषाली, पालक मामी. मग म्हणाली, "मामीतला काना काढून अजून एक म घातला की मम्मी होतं. एवढंच ना?" आणि खेळायला गेली. मी उगाच महिनाभर बहिरा राहिलो.

आणि परवा, अक्का, परवा! मुगलीसऱ्यात पहिली सभा. मी नवा सदरा घातला. प्रदीप, दोन्ही पोरं, स्नेहा, उषाबाई, आम्ही सगळे फाटकात. विशाखा आधीच आत गेलेली. फाटकातला माणूस पासवरची नावं तपासत होता. घरच्यांना सोडत होता. स्नेहाचं नाव यादीत राहून गेलेलं. त्यानं तिला अडवलं आणि मला विचारलं, "काका, आ छोकरी कोण?"

यावेळी मी चुकलो नाही. एकेक शब्द मोजून सांगितलं, "ही माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीची मुलगी." तो म्हणाला, "एटले घरनी नथी." म्हणजे घरची नाही. आणि हात आडवा केला. मी बरोबर उत्तर दिलं, आणि पोर बाहेर राहिली!

तेवढ्यात आत गलबला झाला. नाव जाहीर झालं होतं. विशाखा मेयर झाली होती, आणि आम्हाला बघायला ती पायऱ्यांपर्यंत आली होती. गळ्यात हार, मागं फोटोवाले. तिनं तो आडवा हात बघितला. तिथूनच मोठ्यानं म्हणाली,

"ए मारी दीकरी छे. आववा दो."

माझी मुलगी आहे म्हणाली, येऊ द्या म्हणाली, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर! मी ओरडलो, "अगं हळू, कुणी ऐकेल!" ती हसली. "ऐकू द्या बाबा. आता तपासणी झाली." स्नेहा त्या माणसाच्या हाताखालून वाकून पळत गेली.

काल गल्लीतल्या बायकांनी खांब नंबर एकला हार घातला. तिथंच विशाखानं नवा फळा लावून घेतलाय, दवाखान्याच्या जागेचं काम कुठवर आलं ते दर सोमवारी लिहायला. पहिली ओळ तिनं मला लिहायला लावली. रेघ देऊन लिहिली.

आता माझं एवढंच मागणं. सत्काराचा कार्यक्रम २९ तारखेला आहे, लिंबायतमध्येच. तू ये, आणि वृषालीला घेऊनच ये. स्नेहा रोज विचारते. दोघी एकाच मांडवात आल्या तर पोर कुणाला काय हाक मारील याची मला काळजी लागली आहे, पण यातून ती मला वाचवील असं वाटतं. अमळनेरहून कोणत्या गाडीत बसता, डबा कोणता, सगळं लिही. मी तासभर आधी स्टेशनवर येऊन उभा राहीन. अक्का, यावेळी माझ्यासारखा उशीर करू नकोस. पत्र मिळताच दोन ओळी टाक, नाहीतर मी रोज पोस्टमनच्या मागं फिरत राहीन.

तुझा भाऊ,
पंडित